स्थळाचं भान

तळघरातल्या रेकॉर्ड रूममध्ये
दिवसाला चाळीस फायली माझ्या टेबलावरून जातात.
माणसं वरच्या मजल्यांवर.
मला भेटतं त्यांच्याविषयीचं अक्षर,
तेही डॉक्टरांचं.

आज पहिली:
भावकू नागोजी सांबरेकर, वय एक्क्याऐंशी,
राहणार वडगाव, बेळगाव.
धंदा हातमाग, ते खोडून ‘काही नाही’.
दाखल रात्री सव्वाला.
सोडियम एकशे बारा.

सुनेनं सांगितलेलं नर्सनं उतरवलंय:
रक्तदाबाची नवी गोळी, तीन आठवडे.
कुणीतरी म्हणालं मीठ तोडा, म्हणून मीठ तोडलं.
म्हातारा कुरकुर न करता अळणी जेवला.
मंगळवारी त्यानं दोरीवरचं लुगडं ओढून
मांडीवर ताणून धरलं
आणि पाय हलवायला लागला, खाली-वर, खाली-वर.
‘रात्रभर विणूलालते,’ सून म्हणते,
‘धागा तेवढा नव्हता.’

खाली डॉक्टर हिरेमठांचं तिरकं अक्षर.
वेळेचं भान नाही. स्थळाचं भान नाही.
पुरावा म्हणून सवाल-जवाब:
गाव कुठलं? बेळगाव.
राज्य कुठलं? मुंबई.
आणि पुढे लाल फुली.

त्या फुलीपाशी माझं बोट अडतं.
हा माणूस चौथीत होता तेव्हा
याच उत्तराला मास्तरांनी पैकी मार्क दिले असतील.
आमच्या गल्लीत आजही या प्रश्नाला
तीन उत्तरं मिळतात, चहा निवेपर्यंत भांडण होतं,
आणि तिन्ही देणाऱ्यांचं सोडियम
एकशे चाळीस असतं.

पण माझ्या खुर्चीचा नियम वेगळा:
लिहिलं नाही ते घडलं नाही.
सोडियमपुढं डॉक्टरांनी काढलाय नुसता बाण, खाली तोंड केलेला.
बाणाला कोड नसतो.
भान हरपण्याला आहे: आर एक्केचाळीस पॉइंट शून्य.
ते लक्षण. विमा कंपनी ते वाचते
आणि विचारते, मग आयसीयू कशाला?
आत मेंदू पाण्यानं फुगत होता
हे मला आकड्यांवरून दिसतं.
दिसलेलं मी लिहायचं नसतं.

म्हणून चिठ्ठी, वरच्या मजल्यावर:
‘मा. डॉक्टर, रुग्णाची बदललेली शुद्ध, सोडियम एकशे बारा,
तीन टक्क्यांचं सलाईन, यांमागचं निदान
आपल्या मते काय, ते नोंदवावं.’
एन्सेफॅलोपॅथी हा शब्द जिभेवर होता.
साक्षीदार पढवायचा नाही. गिळला.

तोवर तक्ता वाचत बसले.
एकशे बारा, एकशे एकोणीस, एकशे पंचवीस.
दिवसाला आठाच्या वर चढवायचं नाही,
घाईनं दिलेलं मीठ मेंदूच जाळतं.
सिस्टर कलावती हुद्दारनी थेंब मोजलेत,
मापं टाकून, तासातासाला.
एकशे बत्तीसच्या दिवशी त्यांची एक ओळ:
‘पेशंट जेवले. आमटीत मीठ कमी म्हणाले.’
या ओळीला कोड नाही.
मी ती दोनदा वाचली.

चारला हिरेमठ स्वतः खाली आले.
उभ्याउभ्याच लिहिलं: गोळीमुळे सोडियम घटलं,
त्यातून मेटाबॉलिक एन्सेफॅलोपॅथी, आता बरी.
मग पान मागं उलटून
त्यांच्या कानडी हेलाच्या मराठीत,
‘ती फुली काढायची काय मॅडम?’
म्हटलं, रेकॉर्डमध्ये खोडत नाहीत सर.
एक रेघ मारायची, बाजूला सही, तारीख.
त्यांनी पेनाचं टोपण काढलं
आणि बराच वेळ तसेच उभे राहिले.

ई सत्त्याऐंशी पॉइंट एक.
जी त्र्याण्णव पॉइंट चार.
फाईल बंद.

संध्याकाळी घरी निघताना
बिलिंगच्या रांगेत एक म्हातारा दिसला,
मांडीवर हात शांत ठेवून.
मनगटावरच्या पट्टीवर नाव वाचलं. राहवलं नाही.
आजोबा, कुठं आहात?
त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.
‘बिलाच्या खिडकीम्होरं.
आणि तू वाट अडवूलालीस.’